रुग्णवाहिकेवरचा पगारगट : दावा कुठला, वाद कुठला आणि कागद कोणते

१०८ च्या गाडीवर महाराष्ट्रात एक डॉक्टर आणि एक पायलट असतो. पायलट म्हणजे चालकच, पण खंबाटकीत गाडी उलटली की स्ट्रेचर उचलायला आणि ऑक्सिजन सिलिंडर बदलायलाही तोच. २०१४ पासूनची ही सेवा ठेक्यावर चालते. सातारा-सांगलीतल्या बैठकांत पगारावरून आवाज चढतो तो बहुधा इथेच : काम सगळं, पगारगट मात्र ठेकेदार लिहील तो.

अर्ज लिहायच्या आधी एक गोष्ट ठरवा. किमान वेतनाच्या अधिसूचनेत तुमच्या कामाचा गट (कुशल, अर्धकुशल की अकुशल) ठरलेला आहे आणि पगार त्याखालच्या गटाचा मिळतोय, तर तो थकबाकीचा दावा. गट वाढवून हवा असेल किंवा सिव्हिल म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या कायम चालकाची एस-६ श्रेणी (१९,९००–६३,२००) हवी असेल, तर तो औद्योगिक वाद. दोन्ही एकाच अर्जात घातले की ठेकेदाराचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतो आणि सरळ वसूल होणारी रक्कमही अडकून पडते.

थकबाकीचा दावा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता हा पगाराविषयीचा केंद्रीय कायदा लागू आहे. दाव्याला मुदत तीन वर्षांची. अनेक कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो आणि नोंदणीकृत युनियनही तो करू शकते. फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. मिळतेच असं समजू नका. प्रतिवादी म्हणून ठेकेदारासोबत ज्यांच्यासाठी सेवा चालते त्या आस्थापनेलाही घ्या, कारण ठेका संपला की ठेकेदार सापडत नाही. डॉक्टरांनीही या अर्जात यावं. औद्योगिक वादात डॉक्टर ‘कामगार’ ठरतो का यावर वाद घालता येतो, पण वेतन संहितेतली ‘कर्मचारी’ची व्याख्या रुंद आहे.

हिशेब महिन्यागणिक करा. अधिसूचनेतला मूळ दर आणि त्या सहामाहीचा विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा) यांची बेरीज हा देय पगार; त्यातून दिलेला पगार वजा करा. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे छत्तीस महिन्यांना एकच आकडा लावलेला तक्ता चुकतोच. परिमंडळ, म्हणजे दर ठरवण्यासाठी केलेला भाग, तेही तपासा : गाडी जतला उभी राहते की सांगलीत, त्यावर दर बदलू शकतो.

जादा तासांचा रकाना वेगळा ठेवा. समजा महिन्याचा पगार १५,६०० आहे. २६ ने भागून रोज ६००, आठने भागून तास ७५, जादा तास दुप्पट म्हणजे १५०. बारा तासांच्या पाळीत चार तास जादा, म्हणजे पाळीमागे ६००. गटाच्या फरकापेक्षा ही रक्कम बऱ्याचदा मोठी निघते, आणि नेमकी तीच मागायची राहून जाते.

कागद

नेमणूकपत्रावर ‘मदतनीस’ लिहिलं म्हणून गट ठरत नाही. प्रत्यक्ष काम काय ते दाखवावं लागतं. त्यासाठी ड्युटी चार्ट, लॉगबुक, परवान्याची प्रत, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, पगारस्लिपा, बँकेचं पासबुक आणि पीएफचं पासबुक गोळा करा. पीएफच्या पासबुकात कुठल्या ठेकेदाराने किती महिने भरले ते दिसतं, त्यामुळे नोकरी सलग असल्याचा तो चांगला पुरावा. कॉलच्या नोंदींत केस क्रमांक, तारीख आणि वेळ एवढंच घ्या. रुग्णाचं नाव, पत्ता, आजार झाका. नाहीतर उलट तुमच्यावरच गोपनीयता भंगाची नोटीस येते.

ठेक्याचा करार माहिती अधिकारात मागा. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. ‘मनुष्यबळाचं परिशिष्ट : पदनाम, पात्रता आणि दर’ असं नेमकं लिहा. ‘सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहिलं तर अर्ज परत येतो.

वाद आणि संप

श्रेणीचा वाद सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी न्यायचा. मागणीपत्र, युनियनचा नोंदणी दाखला आणि सभेचा ठराव जोडा. वाद उभा राहून दोन वर्षं उलटली की समेट होत नाही. समेट फसला तर अहवाल मिळाल्यापासून नव्वद दिवसांत न्यायाधिकरणात जाता येतं. ही तारीख चुकवणाऱ्या युनियन कमी नाहीत.

संपाची नोटीस दिल्यावर पहिले १४ दिवस संपावर जाता येत नाही, आणि ६० दिवस उलटले की ती नोटीस निकामी. समेटाची पहिली बैठक झाली की समेट संपून सात दिवस होईपर्यंत संप बेकायदा. ‘संप नको, सगळे मिळून रजा टाकू’ ही व्हॉट्सॲपवरची युक्ती आता चालत नाही : निम्मे किंवा त्याहून जास्त जण एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तोही संपच. रुग्णवाहिकेच्या बाबतीत मेस्माची (अत्यावश्यक सेवेतल्या संपावर बंदी घालू देणारा राज्याचा कायदा) टांगती तलवार निराळीच.

समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सभासद नसलेल्यांनाही बांधतो, म्हणून सही करण्याआधी शब्द तपासा. ‘वेतनवाढ देण्यात येईल’ हे वाक्य फोल. पदनाम, गट, लागू होण्याची तारीख, थकबाकीचे हप्ते आणि ते जमा होण्याच्या तारखा लिहून घ्या. थकबाकीचा दावा आधीच लावलेला असेल तर करारात ‘पूर्ण व अंतिम’ येऊ देऊ नका. त्या दोन शब्दांनी दावा बुडतो. आणि ठेका बदलला तर गट व सेवाकाळ पुढच्या ठेकेदाराकडे कायम राहील, हे कलम घालून आरोग्य विभागाच्या प्रतिनिधीचीही सही घ्या. ती नसेल तर नव्या निविदेत पायलट पुन्हा ‘मदतनीस’ होतो.