रोमन नाटकातलं वाक्य वहीत कसं उतरवावं

अठ्ठावीस वर्षं मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो. म्हणी टिपायची सवय तिथलीच. कुणी ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ म्हटलं की शेजारचा तेच कानडीत, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणायचा. आता त्याच वहीत प्लॉटस आणि टेरेन्सची वाक्यं आहेत. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे हे रोमन नाटककार. टेरेन्सची सहाच नाटकं, इ.स.पू. १६६ ते १६० मधली. तुम्हालाही अशी वही करायची असेल तर माझी रीत सांगतो.

सुटी सुभाषितं उतरवून घेऊ नका. नाटक इंग्रजी भाषांतरात का होईना, पण अख्खं वाचा. वाक्य डाव्या पानावर लिहा आणि त्याखाली कोण, कुणाला, कशासाठी बोललं ते.

हे का, ते ‘आसिनारिया’ या नाटकात मला कळलं. ‘माणूस माणसाला लांडगा’ हे प्लॉटसचं म्हणून सगळीकडे छापतात. नाटकात ते एका व्यापाऱ्याच्या तोंडी आहे. गाढवांच्या विक्रीचे वीस मिना (मिना हे तेव्हाचं पैशाचं माप) तो द्यायला आलाय, आणि लेओनिदा नावाचा गुलाम ‘मीच सावरेआ, घरचा कारभारी’ म्हणून पैसे मागतोय. व्यापाऱ्याने सावरेआला कधी पाहिलेलं नाही. तो म्हणतो, समोरचा कसा आहे हे ठाऊक नसतं तेव्हा माणूस माणसाला लांडगा असतो. मालकासमोरच देईन, यावर तो अडून बसतो. ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. अनोळखी माणसाच्या हाती रोकड द्यायची नाही, हेच तर मी जन्मभर पाळलं! मनुष्यजातीला शिवी नाही ही. ही पेढीवरची खबरदारी आहे. वाक्याचा निम्मा भाग गळला आणि अर्थच फिरला.

म्हणून वाक्याच्या आधीचा प्रश्नही लिहा. ‘मी माणूस आहे, माणसाचं काहीच मला परकं नाही’ हे टेरेन्सचं वाक्य क्रेमीस बोलतो, तेही शेजारी मेनेदेमस त्याला ‘तुला दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायला इतकी सवड आहे?’ असं विचारतो तेव्हा. बांधावरचं बोलणं आहे ते.

मग उजव्या पानावर आपली जोड शोधा. ‘फोर्मियो’तलं ‘जितकी माणसं तितकी मतं’ म्हणजे आपलं ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’. तिथे म्हातारा देमिफो तिघांचा सल्ला घेतो आणि आधीपेक्षा जास्त गोंधळतो. पण फरक पडतो तिथे थांबा. नाव काढताच माणूस आला तर आपण ‘शंभर वर्षं आयुष्य’ म्हणतो. ‘आदेल्फी’त गुलाम सिरस म्हणतो, ‘गोष्टीतला लांडगा’! कारण येणारा बाप आहे आणि पोरगा त्याच्यापासून लपतोय. धास्तावलेल्या पोराला आयुष्याचं सुचणार कसं?

जोड सापडली नाही तर ओढूनताणून लावू नका, पान कोरं ठेवा. ‘मोस्तेल्लारिया’त उशीर झालेला त्रानिओ म्हणतो की एकाच वेळी फुंकणं आणि भुरकणं सोपं नाही. माझ्या वहीत त्याच्यासमोर दोन वर्षं काही नव्हतं. गेल्या पावसाळ्यात वखारीतला जुना हमाल भेटायला आला. बशीतला चहा फुंकत होता, मी मध्येच काही विचारलं. हात वर करून ‘थांबा की’ म्हणाला. तेवढंच लिहून ठेवलंय.