मुंबईहून विमान की गाडी? वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर. विमानाच्या तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसते, तर समृद्धीने आठ तास लागतात असं सगळे सांगतात. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, पण घराच्या दारापासून दारापर्यंतचा प्रवास त्यांत धरलेला नाही. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

आधी समृद्धी. 701 किलोमीटरचा हा महामार्ग मुंबईत सुरू होत नाही, तर भिवंडीजवळ आमणे इथे सुरू होतो आणि नागपूरबाहेर शिवमडक्याला संपतो. इगतपुरी-आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. ठाणे-भिवंडीची कोंडी मात्र टळत नाही. दादरहून संध्याकाळी निघालात तर आमण्यापर्यंतच दीड-दोन तास धरा. पहाटे पाचच्या आत निघणं केव्हाही शहाणपणाचं.

दुसरी चूक भागाकाराची. 701 भागिले 120 केलं की सहा तासही होत नाहीत. पण 120 ही सपाट भागातली कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. चहा-जेवण, डिझेल आणि घाटातला कमी वेग धरला तर सरासरी 85 च्या आसपास येते, म्हणजे सव्वाआठ तास. त्यात दोन्ही टोकांचा शहरातला वेळ मिळवला की दादर ते नागपुरातलं घर दहा तासांखाली बसवणं कठीण.

विमानाचाही हिशेब असाच मांडा. विमानतळ गाठायला एक तास, उड्डाणाआधी दोन तास, प्रवास दीड तास, बॅग आणि पुढची टॅक्सी मिळून एक तास. झाले साडेपाच. देशांतर्गत उड्डाणांचं चेक-इन बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात आणि गेट 25 मिनिटं आधी, तेव्हा ते दोन तास कापू नका. अंतराला विमानाच्या वेगाने भागून वेळ काढणंही फसवं आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना रांग लावावी लागते.

पुण्याचं गणित उलटं. हवाई अंतर 125 किलोमीटर, रस्त्याने दीडशे. इथे विमानाचा विचारच नको.

तिकीट काढताना विमानतळ नीट वाचा. टी1 सांताक्रूझला, टी2 सहारला, आणि 25 डिसेंबर 2025 पासून उलव्याचं नवी मुंबई विमानतळही सुरू आहे. बोरिवलीकराने स्वस्त म्हणून उलव्याचं तिकीट घेतलं तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. पनवेलकराला तेच सोयीचं. गोव्यातही तसंच: सावंतवाडीला जायचं तर मोपा, मडगावला जायचं तर दाबोळी.

अंतर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर एकक पाहा. साधा मैल 1.609 किलोमीटरचा, सागरी मैल 1.852 चा.

रात्री अकराला नकाशा उघडून शुक्रवार संध्याकाळचा बेत ठरवू नका. नकाशात निघण्याचा दिवस आणि वेळ टाकता येते, ती टाकूनच बघा. शनिवारी सकाळी पुण्याकडे जाताना आणि रविवारी संध्याकाळी परतताना खंडाळा घाटासाठी किमान तासभर जास्तीचा हाताशी ठेवा.