पिकलेला फणस घरी कसा फोडावा

फणस फोडायचा म्हटलं की एकच सल्ला मिळतो: हाताला तेल लावा आणि कापा. तेल लागतंच, पण तेवढ्यानं काम होत नाही. पाच मिनिटांत सुरी चिकानं बरबटते, चीक गऱ्यांवर ओघळतो, मग कोणीतरी घाईनं पाणी ओततं आणि सगळंच बिघडतं. चीक फणसात सगळीकडे सारखा नसतो. तो देठात असतो, देठापासून खालपर्यंत गेलेल्या मधल्या दांड्यात असतो आणि सालीत असतो. पिकलेल्या गऱ्यात तो जवळजवळ नसतोच. म्हणजे सुरी दांड्याला कधी आणि किती वेळा लागते, त्यावर तुमची पुढची तासाभराची डोकेदुखी ठरते.

आधी फणस घेण्याबद्दल. विकणाऱ्याला कापा की बरका हे विचारूनच घ्या, कारण दोन्ही फोडायची रीत वेगळी आहे. कापा म्हणजे घट्ट, करकरीत गऱ्यांचा. बरका म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा. गोव्यात त्याला रसाळच म्हणतात. कच्चेपणी बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, त्यामुळे झाड माहीत असलेल्या माणसाचा शब्द इथे उपयोगी पडतो. पहिल्यांदा फोडणार असाल तर ६ ते ८ किलोचा कापा घ्या. २० किलोचं धूड स्वस्त पडतं म्हणून उचलू नका. फणसाच्या वजनात गरे साधारण पाव ते एक तृतीयांश असतात, म्हणजे १० किलोतून अडीच-तीन किलो गरे निघतात आणि तेही चार माणसांच्या घरात दोन दिवस पुरतात. वटपौर्णिमेच्या वाणाला पाचच गरे हवे असतील तर सुटे आणा, अख्ख्या फणसाच्या नादी लागू नका.

पावसाळा नीट सुरू झाल्यावर आलेला फणस पाणचट निघण्याची शक्यता बरीच. एप्रिल-मेचा माल पाहावा.

पिकलाय की नाही

निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. एक दिवस आधी फोडलेल्या फणसाला चीक दुप्पट, गोडी निम्मी. आणि एकदा फोडला की तो पुढे पिकत नाही.

रंगावर जाऊ नका. काही फणस पूर्ण पिकले तरी हिरवट राहतात, काही कच्चेपणीच पिवळे पडतात. वासही बरक्याचा घरभर सुटतो, कापा मात्र पिकूनही त्या मानानं गप्प असतो; त्याचा वास देठाजवळ नाक नेऊन घ्यावा लागतो. काटे बघा: कोवळ्या फणसाचे टोकदार आणि दाटीवाटीनं असतात, तयार झालेल्याचे बोथट, पसरट, एकमेकांपासून लांब गेलेले. मग थापटा. टणटणीत आवाज आला तर थांबा, बद्द आवाज आला तर जवळ आलाय. शेवटची परीक्षा सगळ्यात खात्रीची: एका काट्याचं टोक नखानं मोडा. दाट पांढरा चीक टपकन वर आला तर अजून दोन-तीन दिवस द्या. पाणीदार, तुटक थेंब आला किंवा काहीच आलं नाही आणि काट्यांमधली साल अंगठ्यानं किंचित दबत असेल तर तो फोडायचा दिवस.

झाडावर पूर्ण भरलेला फणस उतरवल्यावर ३ ते ८ दिवसांत पिकतो. गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, शेजारी दोन-तीन पिकलेली केळी ठेवली तर एखादा दिवस वाचतो. रोज कूस बदला, नाहीतर खालची बाजू आधी मऊ होते. देठात खुंटी ठोकून मीठ भरण्याचा सल्ला ऐकू नका. त्यानं फणस आतून कुजायला वाट मिळते. कार्बाइडवर तर कायद्यानंच बंदी आहे. अख्खा फणस फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनं तो पिकायचा थांबतो आणि आतून काळा पडतो.

चीक आणि सुरी

आता मुख्य काम. लागणाऱ्या वस्तू: वर्तमानपत्रांचा जाड थर, लांब पात्याची सुरी किंवा कोयता, वाटीभर गोडेतेल, कोरड्या जुन्या फडक्यांचे तुकडे किंवा नारळाचं सोडण, आणि गऱ्यांसाठी वेगळं झाकणाचं पातेलं. तेल खाण्याचं घ्या. सुवासिक खोबरेल लावून काढलेल्या गऱ्यांना केसांचा वास येतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा.

तेल बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना आणि मनगटाच्या वरपर्यंत चोळा. सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी लावा, मुठीला मात्र एक थेंबही लागू देऊ नका. मूठ कोरड्या फडक्यात धरा. फणस कापताना हात कापले जातात ते धारेमुळे कमी आणि तेलकट मुठीमुळे जास्त. त्याच कारणानं अख्खा फणस विळीवर नेऊ नका. तेलकट हातातून ८ किलोचं वजन पात्यावर सटकलं तर सावरता येत नाही.

फणस आडवा ठेवा, देठ तुमच्याकडे. आता बहुतेक लोक जी चूक करतात ती अशी: मधोमध आडवा घाव घालून दोन गोल तुकडे करतात, मग प्रत्येकाच्या चार फोडी. दिसायला सोपं. पण यात दांडा पहिल्याच घावाला तुटतो, नंतर प्रत्येक फोडीत पुन्हा तुटतो, आणि दर वेळी नव्या तोंडातून चीक वाहतो. सुरी त्या चिकातून जाऊन पुढच्या गऱ्यांत शिरते. मग गरे चिकट निघाले म्हणून फणसाला दोष दिला जातो.

त्याऐवजी असं करा. देठापासून शेंड्यापर्यंत उभी एकच चीर द्या, तीही फक्त सालीपुरती. साल साधारण बोटाच्या एका पेराएवढी जाड असते. पातं तेवढंच आत जाऊ द्या. हाताला प्रतिकार कमी झाल्यासारखा वाटला की साल संपली, तिथे थांबा. अशीच दुसरी चीर बरोबर विरुद्ध बाजूला. दोन्ही चिरा शेंड्याला जोडा. देठाजवळ मात्र जोडू नका, देठाभोवती दोन बोटं जागा सोडून सालीतूनच गोल चीर द्या, म्हणजे देठ दांड्याला चिकटलेला राहील.

सुरी खाली ठेवा. दोन्ही हातांचे अंगठे शेंड्याकडच्या चिरेत घाला आणि फणस उघडा. नीट पिकलेला कापा थोडा जोर लावला की चिरेवर उकलतो, एका अर्ध्याला दांडा चिकटून राहतो. उकलत नसेल तर जोरानं ओढाताण करू नका. चीर कुठेतरी उथळ राहिली आहे, किंवा फणस एक दिवस कच्चा आहे. पहिलं असेल तर चीर पुन्हा फिरवा. दुसरं असेल तर नाइलाजानं सुरी दांड्यातून उभी घाला, पण उभीच, एकदाच.

आता दांडा. पांढरा, चिवट, देठाकडे जाड आणि शेंड्याकडे निमुळता. ज्या अर्ध्यात तो राहिला आहे तो पालथा न करता तिरपा धरा, देठाची बाजू खाली. पात्याला पुन्हा तेल लावा आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंनी आत झुकलेले दोन लांब काप घेऊन तो पाचरीसारखा एका तुकड्यात काढा. देठ धरून ओढला की सबंध निघतो. इथे चीक येणार. तो आला की लगेच कोरड्या फडक्यानं किंवा सोडणानं टिपून घ्या, पुसत पसरवू नका. मग दोन्ही अर्धे दहा मिनिटं तसेच तिरपे टेकवून ठेवा. या दहा मिनिटांत कोणालाच धीर नसतो, आणि सगळा फरक तिथेच पडतो. चीक वाहायचा थांबतो, कापाच्या कडेवर घट्ट होतो, आणि शेवटचं एकदा टिपलं की गऱ्यांपर्यंत पोचत नाही.

पाणी या सगळ्यात कुठेही नाही. चीक पाण्यात विरघळत नाही, तेलात सुटतो. पाणी पडलं की तो रबरासारखा आवळतो आणि हाताला, गऱ्याला, भांड्याला जाऊन बसतो. गरे धुवायची गरज नसते आणि धुतलेले गरे टिकतही नाहीत.

बरका असेल तर वरचं बरंचसं विसरा. पुरता पिकलेला बरका सुरीनं कापणं म्हणजे रस सांडणं. देठाभोवती सालीला गोल चीर द्या, देठ मुठीत धरून हळूहळू फिरवत ओढा. दांडा बाहेर येतो आणि बरेचसे गरे त्यालाच लोंबत येतात. उरलेले सालीतून हातानं काढा. खाली परात हवी.

गरे

साल मागे वाकवली की गरे आपोआप वर येतात. भोवतीचे चिवट तंतू ओढून टाका, गऱ्याचं टोक खुडा, उभं चिरून आठळी आणि तिच्यावरचं पातळ पापुद्र्याचं आवरण काढा. साल आणि तंतू गुरांना चालतात; शहरात ओल्या कचऱ्यात.

आठळी काढलेले गरे बंद डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. डबा घट्ट नसेल तर दुधाला फणसाचा वास लागतो. खाताना मात्र अर्धा तास आधी बाहेर काढा, गार गऱ्याची गोडी आणि वास दोन्ही दबतात. बरक्याचे गरे साठवायच्या भानगडीत पडू नका. त्याच दिवशी चाळणीवर घासून रस काढा. दोन वाट्या रसाला एक वाटी किंचित भाजलेला तांदळाचा रवा, चवीपुरता गूळ, चिमूटभर मीठ, लागेल तसं नारळाचं दूध. अर्धा तास भिजवून इडलीपात्रात १५-२० मिनिटं वाफवलं की सांदणं होतात. ती नारळाच्या दुधाबरोबर खावीत. तूपही चालतं, पण नारळाचं दूधच खरं.

किती खावा, कोणी जपून

आठळीविना १०० ग्रॅम गरे, म्हणजे मध्यम आकाराचे चार-पाच, यात सुमारे ९५ कॅलरी आणि १९ ग्रॅम साखर असते. पोटॅशियम साधारण ४५० मिलिग्रॅम, केळ्यापेक्षा जास्त. बी६ जीवनसत्त्व चांगलं. क जीवनसत्त्व १४ मिलिग्रॅमच्या आसपास, त्यासाठी पेरू खावा, त्यात याच्या कितीतरी पट असतं. फायबर दीड ग्रॅम, म्हणजे लोक समजतात तेवढा नाही.

फणस मधुमेहाला चांगला, हे वाक्य सध्या फार फिरतं. ते कच्च्या फणसाबद्दल आणि त्याच्या पिठाबद्दल बोललं जातं, आणि लोक ते वाचून पिकलेले गरे खातात. पिकताना पिष्टाची साखर होते; पिकलेला गरा हे गोड फळ आहे आणि मधुमेह असेल तर ते तसंच मोजून खायचं. दोन-तीन गरे, जेवणावर गोड म्हणून नव्हे तर दुपारचं खाणं म्हणून. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि डायलिसिसवर असलेल्यांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर चिकापासून लांब राहा, फणस दुसऱ्यानं फोडावा आणि गराही पहिल्यांदा अगदी थोडा खाऊन पाहावा. बाकी निरोगी माणसानं एका बैठकीत सात-आठ गऱ्यांवर थांबावं. पोट फुगतं ते फणस वाईट म्हणून नाही, वीस खाल्ले म्हणून.

आवराआवर

हातांवर कोरडंच तेल पुन्हा चोळा, वर्तमानपत्रानं पुसा, मग डाळीचं पीठ लावून चोळा, आणि सगळ्यात शेवटी साबण-पाणी. हा क्रम उलटा केला की चीक दोन दिवस निघत नाही. सुरीचं पातं गॅसवर किंचित गरम करून तेलाच्या फडक्यानं पुसा, चीक सालपटासारखा निघतो. चिकाची फडकी बेसिनमध्ये धुवू नका, नळी तुंबते. कागदात गुंडाळून टाका. कपड्यावर पडलेला चीक लगेच तेलानं भिजवला तर निघतो, वाळला की डाग कायमचा.

आठळ्या टाकू नका. कच्च्या खायच्या नाहीत, त्या पचत नाहीत; शिजवल्यावर मात्र उत्तम. धुऊन एक दिवस सावलीत वाळवा, मिठाच्या पाण्यात कुकरला तीन शिट्ट्या, वरची पांढरी साल सोलायची, आतली तपकिरी राहू द्या. निखाऱ्यात भाजणार असाल तर प्रत्येकीला आधी चीर द्या, नाहीतर फुटून उडतात. उकडलेल्या आठळ्या अळूच्या फतफत्यात घातल्या की शेंगदाण्यांची आठवण होत नाही. पावसाळ्यासाठी ठेवायच्या तर प्लास्टिकच्या पिशवीत नाही, तिथे बुरशी येते. मातीत घोळवून, कोरड्या मातीच्याच थरात, मडक्यात ठेवा आणि आठवड्यातून एकदा वर-खाली करून मोड आलेल्या आधी वापरा.