लाखेची (अंडाशय भरलेली) चिंबोरी हवी तर खायला काय घालायचं

पोकळ चिंबोरी (म्हणजे खाडीतला खेकडा) स्वस्तात घ्यायची, बॉक्समध्ये ठेवून भरवायची आणि भाव मिळाला की विकायची, धंदा तसा सोपा आहे पण गाडी अडते ती खाण्यावर.

आधी हे समजून घ्या की चिंबोरी साइजने वाढते ती फक्त कात टाकताना. तेव्हा ती अंगात पाणी ओढून घेते, म्हणून नवीन कवच मोठं दिसतं पण आत मांस नसतं. पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबून बघा, दबलं तर पोकळ. ती भरायला साधारण ३-४ आठवडे लागतात, खाणं वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ४०० ग्रॅमची एक अशा १० चिंबोऱ्या असतील तर दिवसाला २०० ते ४०० ग्रॅम, आणि द्यायचं संध्याकाळी कारण ती रात्रीच खाते. मी सुरुवातीला हौसेने भरपूर टाकायचो, दोन दिवसांत पाण्याला वास आणि तीन मेल्या. सकाळी उरलेलं काढायचंच. अचानक खाणं सोडलं तर बहुतेक कात टाकणार आहे, तेव्हा डिवचू नका.

मांस भरायला टाकाऊ बारीक मच्छी चालते, लाखेला नाही पुरत. लाख म्हणजे अंडाशय, त्याला चरबी लागते, म्हणून मादीला तिसऱ्या (शिंपले), माकुल (स्क्विड), कोळंबीची डोकी असं आलटून पालटून द्या. गंमत म्हणजे आपण ज्या कोलेस्टेरॉलला घाबरतो ते चिंबोरीला स्वतः बनवताच येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि कात टाकायचं हार्मोन त्याच्यापासूनच बनतं. लाखेचा नारिंगी रंगसुद्धा खाण्यातलाच.

पण मादी वयात आलेली हवी हां! पोटाखालची झाकणी त्रिकोणी असेल तर अजून पोर आहे, तिला कितीही माकुल घाला लाख येणार नाही. रुंद गोल झाकणी झालेली निवडा. मग मागच्या बाजूला कवच आणि झाकणी जुळतात तिथे हलकेच दाबून फटीत बघा, पांढुरकं म्हणजे अजून वेळ आहे, पिवळं म्हणजे येतंय, गडद नारिंगी दिसलं की काढा. लोक म्हणतात अमावास्येला चिंबोरी भरते, असेल बाबा, पण माझ्या बॉक्समधली माकुल बघूनच भरते.

अंडी बाहेर येऊन झाकणीला चिकटली असतील तर ती मादी विकू नका, खाडीत सोडा.