किनाऱ्यावर तेल आलं आणि कुणी जिवाणूंची पावडर आणली, तर

मी रायगडातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात कोळीवाड्यातली बरीच मुलं आहेत, त्यामुळे पावसाळ्यात डांबरगोळे वाहून आले की फोन मला येतो: "मॅडम, ते तेल खाणारे बॅक्टेरिया टाकायचे का?" टाकायचे, पण सगळ्यात शेवटी.

आधी १५५४ ला, म्हणजे तटरक्षक दलाला, आणि तहसील कार्यालयात कळवा. तेलासोबत आणखी काय आलंय हे समजेपर्यंत पाण्यात उतरू नका. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या बोटींची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, आणि चित्राच्या कंटेनरांत कीटकनाशकंही होती. ताज्या तेलातून बेंझिनसारख्या वाफा निघतात. डोकं जड झालं, मळमळलं, तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला निघून जा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. मुलं आणि गरोदर बाया किनाऱ्यावर नकोतच.

मग फावड्याने जाड थर उचला. जिवाणू फक्त तेल आणि पाणी जिथे भेटतात तिथेच काम करतात, त्यामुळे बोटभर जाडीच्या थरावर पावडर टाकणं म्हणजे पैसा वाया. हातात नायट्राइलचे मोजे घाला, साधे रबरी मोजे तेलाने फुगतात. हाताला डांबर लागलं तर रॉकेल अजिबात वापरू नका. रॉकेल कातडी सोलतं आणि विष आत जायला वाट करून देतं. खोबरेल चोळा, जुन्या कापडाने पुसा, मग साबण.

आता जिवाणूंच्या पावडरीची पिशवी. पुरवठादाराला जिवाणूंची नावं विचारा. अल्कॅनिव्होरॅक्स समुद्रातलाच आहे, त्याची भीती नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसा मात्र तेल उत्तम फोडतो आणि जखमेत, फुप्फुसात संसर्गही करतो. तो असेल तर परत पाठवा. नाव सांगायला टाळाटाळ झाली तरी परतच पाठवा. जनुकीय बदल केलेला जिवाणू केंद्राच्या परवानगीशिवाय उघड्यावर सोडता येत नाही. पावडर चांगली असली तरी ती उडते. टेरी या संशोधन संस्थेच्या ऑइलझॅपर नावाच्या मिश्रणात तेल खाणारे जिवाणू मक्याच्या कणसाच्या भुग्यावर बसवलेले असतात. असला भुगा पसरताना एन-९५ मास्क लावा, हातापायाच्या जखमा झाका, दमेकऱ्यांना दूर ठेवा.

खरा धोका पुष्कळदा जिवाणूंपेक्षा त्यांच्यासोबत येणाऱ्या खताचा असतो, आणि याच्याकडे कुणी बघत नाही. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजाचं तेल सांडल्यावर तिथल्याच जिवाणूंना वाढवायला किनाऱ्यावर खत टाकलं. उपाय चालला. पण त्यातल्या इनिपॉल या द्रवखतात २-ब्युटॉक्सीइथॅनॉल हे रसायन होतं. ते माणसाला अपायकारक, म्हणून फवारणाऱ्यांना संरक्षक कपडे घालावे लागले. तेव्हा खताच्या डब्यावरचं लेबलही तितकंच बारकाईने वाचा. सर्वसाधारण प्रमाण असं: तेलातल्या कार्बनचे १०० भाग, तर खतातलं नत्र १० भाग आणि स्फुरद १ भाग. त्याहून जास्त टाकलंत तर खाडीत शेवाळ माजतं, रात्री पाण्यातला ऑक्सिजन उतरतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात.

म्हणून मी थेट खाडीत काहीच टाकू देत नाही. तिवरांच्या चिखलात तर नाहीच: बोटभर खाली काळा, कुजकट वासाचा चिखल असतो, तिथे हवा नाही, हे जिवाणू तिथे जवळजवळ ठप्प होतात, आणि माणसांच्या पायांनी तेल आणखी खोल जातं. भरतीच्या रेषेच्या वर खड्डा घ्या, जाड प्लॅस्टिक अंथरा, तेलकट वाळू त्यात भरा. पावडर आणि मोजून खत मिसळा. वाळू मुठीत दाबल्यावर गोळा व्हावी, पाणी गळू नये, एवढीच ओल ठेवा. आठवड्याला फावड्याने उलटीपालटी करा. पावसात ताडपत्री हवीच, नाहीतर सगळं परत खाडीत.

काही महिन्यांत हलकं तेल जातं. डांबरासारखा भाग बराच उरतो, आणि तेलातले व्हॅनेडियम, निकेल हे धातू तर कुठलाच जिवाणू नष्ट करू शकत नाही. उरलेली वाळू शेतात किंवा बांधकामात वापरू नका, प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत घातक कचऱ्यात द्या.

आणि बायांनो, तिसऱ्या, कालवं काढणं थांबवा. शिंपले पाणी गाळून जगतात आणि तेलातली विषं अंगात साठवतात. वास गेला म्हणून काढू नका, मांसाची प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावरच काढा. तोवरच्या बुडालेल्या कमाईची नोंद ठेवा आणि भरपाईच्या अर्जाला जोडा.