एडिनबराच्या हार्प फेस्टिव्हलला जाताय? आधी ट्यूनिंग समजून घ्या

एडिनबराचा इंटरनॅशनल हार्प फेस्टिव्हल १९८२ पासून चालू आहे, क्लार्सख (म्हणजे छोटी स्कॉटिश हार्प) सोसायटी भरवते, आणि हार्पला कधी हात न लावलेल्यांनी जावं का हे मला सारखं विचारलं जातं. जा की! अगदी नवशिक्यांसाठी कोर्स असतो, हार्प भाड्याने मिळते, आणि वर्गात पन्नाशी-साठीचे कितीतरी जण असतात, त्यामुळे 'आता काय वय राहिलं' हे घरीच ठेवून या.

लाल तार सी सुराची, काळी किंवा निळी एफ ची, करंगळी वापरायची नाही, हे सगळं तिथे सांगतातच. ट्यूनिंगचं मात्र इथेच नीट वाचा, मी त्यात सपशेल आपटलेय.

लिव्हर हार्प, म्हणजे तारांना सूर बदलायची छोटी खिटी (लिव्हर) असलेली हार्प, बहुतेक ठिकाणी ई फ्लॅट मेजर या स्केलमध्ये लावतात, तेही सगळे लिव्हर खाली असताना. म्हणजे ई, ए, बी या तारा फ्लॅट, अर्धा सूर उतरलेल्या. लिव्हर वर केला की तार अर्धा सूर चढते, ई-ए-बी चे वर केले की झालं सी मेजर. इथपर्यंत सगळे मान डोलावतात. आता फोनवरचं ट्यूनर अ‍ॅप लावा आणि ई ची तार छेडा. पुष्कळ अ‍ॅप ई फ्लॅट दाखवतच नाहीत, डी शार्प (अर्धा सूर चढलेला डी) दाखवतात. सूर तोच आहे हो, पण नवीन माणसाला वाटतं तार उतरलीये, तो ट्यूनिंगची किल्ली फिरवून ई वर आणतो, मग वाजवताना लिव्हर वर केला की ती तार होते एफ, शेजारचीही एफ, आणि हा म्हणतो लिव्हर बिघडला. बी ला ए शार्प दिसेल, ए ला जी शार्प, तिथेही तेच. आणि एखादा लिव्हर चुकून वर राहिला असताना तार लावलीत तर उलटा घोळ.

त्याहून वाईट म्हणजे किल्ली एका पिनवर (तार गुंडाळलेल्या खुंटीवर) आणि छेडताय भलतीच तार. ट्यूनरची सुई हलत नाही म्हणून आणखी फिरवायचं, आणखी फिरवायचं, आणि फाट्! म्हणून आधी सगळ्या लिव्हरवरून बोट फिरवून बघा, मग पिनपासून तार बोटाने खालपर्यंत धरत या, मगच छेडा, आणि किल्ली अगदी इवलीशी फिरवा.

तुटली तरी आभाळ कोसळत नाही, सगळ्यांच्याच तुटतात. फक्त नवी तार बरेच दिवस ताणत राहते, रोज उतरते, रोज लावायची.

'आठवड्यात हार्प शिका' वाल्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. पुढची बोटं आधीच तारांवर ठेवणं, वाजवलं की बोट तळहातात मिटणं, हे समोर बसून मनगट धरणारं कोणीतरी लागतंच. आणि माझं ठाम मत, पहिल्या दिवशी नोटेशनचा कागद हातात देणाऱ्यापेक्षा कानाने शिकवणारा शिक्षक बघा. तिकडे पारंपरिक धून बऱ्याचदा तशीच शिकवतात, ते एक ओळ वाजवतात, आपण मागोमाग. पेटीच्या क्लासला गेलेल्या आपल्या लोकांना हे पटकन जमतं. दोन्ही हात एकत्र आले की मात्र रडू येतं, माझा डावा हात अजूनही मधेच गप्प बसतो.

हार्प बनवणारेही तिथे प्रदर्शन मांडतात. ३४ तारांची सुंदर हार्प बघून कार्ड काढावंसं वाटेल, काढू नका. सोसायटी सभासदांना हार्प भाड्याने देते, सुरुवातीला तीच घ्या.