किमान अंतर राखून विखुरलेले बिंदू : माडांच्या नकाशासाठी एक जलद पद्धत

चोडण आणि दिवाडी या गोव्यातील मांडवी नदीतल्या बेटांचा नकाशा संगणकावर काढताना तेथील भाटांमध्ये, म्हणजे माडांच्या बागांमध्ये, माड दाखवायचे असतील, तर दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात : माड दोरी धरून लावल्यासारखे दिसू नयेत आणि कोणतेही दोन माड ७.५ मीटरपेक्षा, म्हणजे लागवडीत सामान्यतः ठेवतात त्या अंतरापेक्षा, जवळ येऊ नयेत. प्रत्येक नवा बिंदू आधीच्या सर्व बिंदूंशी ताडून पाहिल्यास बिंदू दुप्पट होताच तपासणीचे काम चौपट होते. रॉबर्ट ब्रिडसन यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ते बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते, म्हणून माझा आग्रह तिचाच आहे.

प्रथम नकाशावर चौरस घरांची जाळी टाकावी. घराची बाजू किमान अंतराला दोनच्या वर्गमुळाने भागून काढावी. येथे ती सुमारे ५.३ मीटर येते. सारी किमया या आकड्यात आहे, कारण घराचा कर्ण ७.५ मीटर झाल्याने एका घरात दोन बिंदू मावत नाहीत आणि प्रत्येक घरात एकच क्रमांक साठवून भागते. नवा बिंदू तपासताना त्याच्या घराभोवतीची पाच गुणिले पाच घरे पाहावीत; त्यांतली कोपऱ्यांची चार घरेही सोडता येतात, कारण तेथला बिंदू निदान एका कर्णाइतका दूर असतोच. अंतरांऐवजी त्यांच्या वर्गांची तुलना करावी, म्हणजे वर्गमूळ काढावे लागत नाही.

पहिला बिंदू टाकून तो सक्रिय यादीत, म्हणजे ज्यांच्याभोवती अजून जागा शोधायची आहे अशा बिंदूंच्या यादीत, घालावा. मग यादीतला कोणताही बिंदू निवडून त्याच्याभोवती ७.५ ते १५ मीटर अंतराच्या वर्तुळाकार कड्यात यादृच्छिक जागी नवा बिंदू टाकण्याचे ३० प्रयत्न करावेत. बसेल तो बिंदू जाळीत आणि यादीत जोडावा. एकही बसला नाही, तर निवडलेला बिंदू यादीतून काढून त्याच्या जागी यादीतला शेवटचा बिंदू ठेवावा. यादी रिकामी होईपर्यंत हेच चालू ठेवावे.

बेटाबाहेरचे बिंदू नाकारण्याची अट घातली की मात्र एक चूक सहज राहून जाते. नवा बिंदू १५ मीटरपलीकडे कधीच पडत नाही आणि बेटांमधली मांडवी त्याहून कितीतरी रुंद आहे. त्यामुळे चोडणावर सुरू झालेले माड दिवाडीला पोहोचत नाहीत, आणि प्रोग्राम कोणतीही त्रुटी न दाखवता संपतो. म्हणून प्रत्येक बेटावर एक आरंभबिंदू स्वतंत्रपणे टाकून ते सारे सुरुवातीलाच यादीत घालावेत, आणि खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल, शेतांमुळे एकाच बेटावरची भाटे तुटक झाली असतील, तर अशा प्रत्येक तुकड्यालाही स्वतःचा आरंभबिंदू द्यावा.